सात दिवे बाहेर जातील

कोरड्या उपासाचा पहिला आठवडा, सोमवार

डोम्ना,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. नऊ वर्षांनी लिहितेय. अक्षर तुझ्या बहिणीचंच आहे, तातियाचं. बोटं गारठलीत म्हणून वाकडं आलंय. इथे थंडी फार आहे.

अम्मिया बरी आहे. तुझी लेक आता चौदा वर्षांची झाली, माझ्याहून बोटभर उंच. केस तुझ्यासारखेच, विंचरणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. पांढरे कपडे घालून, हातात दिवे घेऊन, लोकांच्या पापांसाठी रडत सभेत येतात त्या सात मुलींत यंदा तिला घेतलंय. तू त्या सातांत होतीस तेव्हा तुला रडूच फुटायचं नाही आणि तू डोळ्यांना कांदा लावून यायचीस. हे मी तिला सांगितलेलं नाही. ती खरोखरच रडते.

मागच्या बुधवारी सम्राटाचा तपासनीस आला. बारा शिपाई आणि एक लेखनिक बरोबर. विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून त्याने हुकूम वाचला. उपासाचे दोन आठवडे संपले की येणाऱ्या रविवारी चर्चच्या किल्ल्या द्यायच्या. पवित्र आत्म्याने आपल्या माणसांच्या तोंडून सांगितलेल्या वचनांची वही द्यायची. वेदीखाली आपल्या संदेष्टीच्या अस्थींची पेटी आहे ती उकरून द्यायची. आणि लहानथोर सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या चर्चचा बाप्तिस्मा नव्याने घ्यायचा, जणू आपला झालाच नव्हता. नाही तर जमिनी जप्त आणि मुलं मठात.

माणूस उर्मट नव्हता. पाणी मागितलं त्याने. पण प्यायच्या आधी वाटीत वाकून पाहिलं. आपण तान्ह्या पोरांना सुया टोचून रक्त काढतो आणि पिठात मळतो, हे त्यांच्याकडे अजून सांगतात ना. तुझ्या सासूनेही तुला पहिल्याच दिवशी विचारलं असेल. आपण प्रभूच्या भाकरीबरोबर मेंढीचं चीज खातो, एवढंच आपलं गुपित, पण ते ऐकून कोणाचं समाधान होत नाही.

तुझा नवरा सार्डिस शहराच्या कचेरीत लेखनिक आहे असं लोकरवाला पापियास सांगत होता. मला काही मागायचं नाही. फक्त विचारते, असे हुकूम कधी पुढे ढकलतात का? पापियासच्या हाती हे देते. तो त्यांच्यातला असला तरी मनाने बरा आहे. मला "चीजवाल्या ताई" म्हणतो आणि वर हसतो.

थंडी नाहीये, डोम्ना. मला भीती वाटतेय.

तातिया


पहिला आठवडा संपल्यावरचा रविवार

डोम्ना,

पापियास परतला नाही. हे कोण नेईल माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय मला बसवत नाहीये.

आज सभेत आत्मा बोलला. तुझ्या मुलीच्या तोंडून बोलला.

सातजणी दिवे घेऊन आल्या, नेहमीसारख्या रडत. वेदीपाशी पोचल्या आणि अम्मियाच्या हातातला दिवा खाली पडला. ती कोसळली. मी धावणार होते, मात्रोनामाईंनी काठी आडवी धरली. त्या ऐंशीच्या झाल्या, अजून आमच्या बिशप त्याच आहेत. बाई बिशप म्हणून शहरातले हसतात, त्यांना एकदा ही काठी दाखवायला हवी. मग अम्मिया बोलायला लागली. आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण खालून कुठून तरी आल्यासारखा. म्हणाली, "दारं लावा. बाहेरच्यांना काही देऊ नका. आत या आणि दारं लावा. आगीत मी तुमच्याबरोबर आहे."

सगळी सभा गुडघ्यांवर आली. कोणी रडलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पुढचं तुला ठाऊक आहे. लोक गेले, वचन खरं की नाही ते पारखायला आम्ही तिघं वडीलधारी थांबलो: मात्रोनामाई, म्हातारा झोटिकोस आणि वही माझ्याकडे म्हणून मी. रीतीप्रमाणे पहिला प्रश्न खाण्याचा. जेवढा उपास नेमलाय तेवढाच केला होता ना? कोरडी भाकरी, मीठ, मुळा, आणि शनिवार-रविवार पोटभर. त्याहून कमी खाणाऱ्याचं वचन आपण धरत नाही, कारण रिकामं पोटही बोलतं. मुलगी लहान, म्हणून घरातल्या मोठ्या माणसाने साक्ष द्यायची. मी दिली. पारख रीतसर झाली. वचन वहीत लिहिलं, माझ्याच हाताने.

आग म्हणजे काय ते तुला समजावून सांगायला नको. खोऱ्यातल्या खालच्या गावाने दोन वर्षांपूर्वी तेच केलं. चर्चमध्ये शिरले, आतून कड्या घातल्या आणि पेटवून घेतलं. धूर आम्हाला इथून दिसला होता.

शनिवारी संध्याकाळी दारं लावायची असं ठरलंय.

तातिया


दुसरा आठवडा, बुधवार

डोम्ना,

तुझी चिठ्ठी मिळाली. पापियासने ती टोपीत शिवून आणली. "तिला पाठव. शनिवारी मी नदीच्या पुलावर गाडी घेऊन थांबते, ह्यांनी परवानगीचा कागद काढून दिलाय. तूही ये. भांडण नंतर करू." बस, एवढंच. मी ती इतक्यांदा वाचली की घडीवर फाटली. मी काही मागितलं नव्हतं, तरी तुला कळलं.

रविवारचं आणि हे, दोन्ही पत्रं पापियास पुलाजवळच्या खाणावळीत ठेवणार आहे. आलीस की तिथे विचार.

आता लपवण्यात अर्थ नाही. रविवारच्या पत्रात मी तुला जे लिहिलं त्यात एक गोष्ट खोटी आहे. साक्ष.

गेल्या शनिवारी अंथरुणं उन्हात टाकायला काढली, तर अम्मियाच्या गोधडीखाली भाकऱ्या सापडल्या. पाच. सोमवार ते शुक्रवार, रोजची एक, जशीच्या तशी. पोरगी पाच दिवस पाण्यावर होती. मी ठरवलं, रागावायचं, पण उपास संपल्यावर. आणि रविवारी तिच्या तोंडून ते शब्द आले. झोटिकोसने विचारलं, "तातिया, मुलीने नेमाप्रमाणे खाल्लं का?" मी म्हटलं, "खाल्लं."

का म्हटलं ते ऐक. तू विधवा होऊन दुसरं लग्न केलंस तेव्हा तुला सभेतून काढलं, आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून तुझं नाव मीच वाचलं होतं. व्यभिचारिणी, असं वाचलं. आपल्यात दुसऱ्या लग्नाला तेच नाव आहे, त्याला माझा इलाज नव्हता. पण मी जरा जास्तच खणखणीत वाचलं. त्या दिवसापासून आपल्या घराकडे लोक बघायचे ते मी नऊ वर्षं सोसलं. आणि आता त्याच घरात, तुझ्याच मुलीत, आत्मा उतरला होता. मात्रोनामाई माझ्याकडे वळून बघत होत्या. मला अभिमान वाटला, डोम्ना. क्षणभरच, पण तेवढ्यात तोंडून "खाल्लं" निघून गेलं.

या नऊ वर्षांत तुझी तीन पत्रं आली होती, तीही तिला दाखवलेली नाहीत. पेटीत आहेत. तिसरं तर मी उघडलंसुद्धा नाही. तिला मी सांगत आले की तुझी आई वाट चुकली, तिचं नाव काढू नये. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

गावात काय चाललंय ते तू पाहायला हवंस. नको, पाहू नकोस. लोक झुडपांच्या मोळ्या आणि राळेची मडकी चर्चमध्ये वाहून नेताहेत. मेंढरं रानात सोडून दिली. कोणी आरडाओरडा करत नाही. शेजारी एकमेकांची भांडणं मिटवताहेत. झोटिकोस मोळी टेकवून मला म्हणाला, "सांध्यांनी आयुष्यभर छळलं. एकदाची भरपूर ऊब मिळेल." आणि हसला. त्याला दिसतं कमी, म्हणून माझा चेहरा दिसला नसावा. काल पुरोहिताची सून अंगणातून विचारत होती, "तातियाकाकू, पाळणा आत न्यायचा का, की बाळाला मांडीवरच ठेवू?" मी म्हटलं, "विचारून सांगते." असं म्हटलं मी!

काल दुपारी सभेत उभी राहून मी खरं सांगितलं. भाकऱ्या फडक्यात बांधून नेल्या होत्या, त्या सगळ्यांसमोर ठेवल्या. म्हटलं, साक्ष खोटी होती, पोरगी उपाशी होती, वचन धरू नका. कोणी रागावलं नाही. बायकांनी मला जवळ घेतलं. कोणी म्हणालं, "घाबरलीय बिचारी." कोणी म्हणालं, "भाचीवर जीव आहे ना, म्हणून बनवून सांगते." पाच भाकऱ्यांनी काय सिद्ध होतं? भाकऱ्या तर सगळ्यांकडे आहेत.

मात्रोनामाईंना मागाहून एकटं गाठलं. त्या म्हणाल्या, "मला तुझं पटतं, पोरी. पण वहीत शिरलेलं वचन खोडता येत नाही. नवं वचन आलं तरच जुनं वळतं. ते तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही."

"माई, तुम्ही बिशप आहात."

"बिशप आहे, आत्मा नाही. शहरातल्या बिशपांना हा फरक कळत नाही, म्हणून तर आपण इथे डोंगरात येऊन बसलो."

मग अम्मियाशी बोलले. ती पांढरा झगा धूत होती, गाणं गुणगुणत.

"मावशी, तू घाबरलीस?"

"हो."

"मी नाही घाबरले."

"तू पाच दिवस काही खाल्लं नव्हतंस. ती भूक बोलली, अम्मिया. मला भाकऱ्या सापडल्या होत्या."

ती झगा पिळता पिळता थांबली. "कधी सापडल्या?"

"शनिवारी."

"म्हणजे तुला ठाऊक होतं, तरी तू साक्ष दिलीस?" तिचा चेहरा उजळला, डोम्ना. "मग तुझ्या तोंडूनही त्यानेच वदवलं. त्याला यायचंच होतं."

मी तुझी चिठ्ठी पुढे केली. तिने वाचली, दोनदा. अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल.

"हे आईचं अक्षर?"

"हो. शनिवारी पुलावर येतेय ती. तुझ्यासाठी."

"आई बोलावते म्हणून कशी जाऊ?" ती म्हणाली. "आत्म्याने जा म्हटलं तर जाईन. माणसांचं ऐकायचे दिवस संपले, मावशी."

चिठ्ठी मात्र तिने परत दिली नाही. झग्याच्या बाहीत ठेवली.

मला रात्रंदिवस एकच दिसतं, तिच्या केसांना आधी लागेल. केस फार आहेत तिला.

तातिया


शनिवार, सकाळ

डोम्ना,

हे पत्र तुला अम्मियाच देईल. ती तुझ्यासमोर उभी असेल. आधी तिला बघून घे, मग वाच. बाकीच्या सहाजणीही बरोबर आहेत, त्यांना काहीतरी खायला घाल. रस्त्यात प्रार्थना करताना नाकावर बोट ठेवू नका असं बजावलंय, शिपाई त्यावरूनच आपली माणसं ओळखतात. पण त्या विसरतील. तू लक्ष ठेव.

काय केलं ते सांगते. तिला ऐकू जाईल असं वाचू नकोस.

काल दुपारच्या सभेत मी पडले. तीस वर्षं मी या वचनांच्या पारखीला बसतेय. खांदे कसे हलतात, श्वास कुठे अडकतो, डोळ्यांचं पांढरं कधी दिसतं, सगळं मला पाठ आहे. खोटं सोंग करणारी माणसं मी किती पकडली असतील! ती कुठे चुकतात ते माहीत होतं, म्हणून मी तिथे चुकले नाही. जमिनीवर डोकं आपटलं ते जरा जास्तच लागलं. आणि मी बोलले, "सात दिवे बाहेर जातील. सात दिवे डोंगर उतरतील आणि विझणार नाहीत. त्यांना अडवू नका. मी त्यांच्यापुढे चालतो आहे."

बोलताना मला वाटलं, आत्ता जीभ जळेल. आत्ता छप्पर कोसळेल. काही झालं नाही. बाहेर कोणाचं तरी गाढव ओरडत होतं.

लोकांना इतका आनंद झाला! मंगळवारी डळमळलेली तातिया, आणि शुक्रवारी तिच्यातच तो उतरला. बायका माझ्या झग्याला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. तेव्हा पाच भाकऱ्या समोर ठेवून खरं सांगितलं ते कोणाला पटलं नाही, आणि हे पटलं.

मग पारख. माझं वचन मी लिहायचं नाही, म्हणून वही झोटिकोसने घेतली, अगदी डोळ्यांशी धरून. मात्रोनामाईंनी विचारलं, "नेमाप्रमाणे खाल्लंस?"

"खाल्लं."

ते खरं होतं. मी मुद्दाम सगळं खाल्लं होतं.

"तू बोललीस, की तो बोलला?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याचं पाप कोणतं ते तुला माहीत आहे. लहानपणी आई आपल्याला त्याचाच धाक घालायची. खून, चोरी, तुझं ते दुसरं लग्नसुद्धा, सगळ्याला कुठे ना कुठे क्षमा आहे. आत्म्याच्या नावावर खोटं बोलणाऱ्याला नाही. इथे नाही आणि पुढच्या जगातही नाही.

मी म्हटलं, "तो बोलला."

माईंनी दौत पुढे सरकवली. मग झोटिकोसला म्हणाल्या, "लिही." त्याने लिहिलं आणि तो काठी टेकत गेला. आम्ही दोघीच उरलो. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, टेंगूळ आलं होतं त्यावर ओला फडका ठेवला. आणि हळूच म्हणाल्या, "सातच का, तातिया?"

मी फडका कपाळावर दाबून धरला.

"एकशेचाळीस माणसं आहेत गावात. पाळण्यात अकरा पोरं आहेत. त्याला सातच कसे दिसले?"

त्यांना कळलं होतं. तरी "लिही" म्हणाल्या. त्या स्वतः खोटं बोलणार नाहीत, ते त्यांना जमायचंच नाही. पण मला एवढं विचारून त्या उठल्या आणि आणखी एका वचनाला जागा असल्यासारखी वही उघडीच ठेवून गेल्या.

मी सात म्हटलं, कारण मी एकीसाठीच आले होते. बाकीच्या सहाजणी तिच्या आडोशाला घेतल्या. बाळाच्या पाळण्याचं विचारणारी ती सून माझ्या लक्षातही नव्हती. आणि आणखी खरं सांगू? सगळे बाहेर या असं म्हटलं तर पटणार नाही, पकडली जाईन, आणि मग अम्मियाही जायची नाही, ही भीती होती. आता अम्मिया निघतेय. आता ती भीती नाही, दुसरी आहे.

मघाशी बोचकं बांधताना पोरीने माझे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं. "मावशी, त्याने तुझ्यातून मला बोलावलं," म्हणाली. "माणसांतून कोणाला निवडलं तर तुला." मी तिच्या केसांचा अंबाडा घट्ट बांधून दिला. ते खोटं होतं हे तिला कधी सांगू नकोस. सांगितलंस तर ती परत डोंगर चढेल. पुढे कधी मोठी झाली, तिला मुलंबाळं झाली, मग तुला योग्य वाटलं तर सांग. तेव्हाही सगळा दोष माझ्यावर घाल, तिच्या उपासावर घालू नकोस. तुझी तीन पत्रं तिच्या बोचक्यात आहेत. तिसरं अजून बंदच आहे, ते तिचं तिला उघडू दे.

तू लिहिलंस, तूही ये. मी आज येत नाही. आज दुपारी दारं लावायच्या आधीची शेवटची सभा आहे. मी पुन्हा पडणार आहे. या वेळी सगळ्यांना बाहेर बोलावणार आहे, पाळण्यांसकट, झोटिकोससकट. किल्ल्या द्या म्हणणार आहे, बाप्तिस्मा घ्या म्हणणार आहे. पेटी तिथेच राहू दे. हवी तर शिपाई उकरतील, जाळतील; हाडांना जळताना दुखत नाही. ज्या पापाला क्षमा नाही ते दुसऱ्यांदा केलं तरी माझं आणखी काय वाईट होणार? पण काल जे सोपं गेलं ते आज जाईल असं वाटत नाही. काल एका पोरीसाठी मला वेड लागलं होतं. आज मी शुद्धीवर आहे. नीट पडता आलं नाही तर? कोणी हसलं तर? आणि खरंच कोणी ऐकत असेल वर, आणि त्याने नेमकं आजच उत्तर द्यायचं ठरवलं तर?

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा आमची सभा सुरू झाली असेल. वर बघू नकोस, धूर आहे की नाही ते शोधू नकोस. पुलावर उभी राहून माझ्यासाठी प्रार्थना कर, की माझं खोटं त्यांना पटो. ही प्रार्थना कोणाकडे करायची ते मला सांगता येत नाही. ते तूच ठरव.

तुझी ताई